बंब येतो तेव्हा आपण कुठं उभे असतो?

(पालम येथे अग्निशमन सेवा सप्ताहात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

 

14 एप्रिल म्हटलं की आपल्याकडं आधी जयंती आठवते, मिरवणूक आठवते, आणि ते बरोबरच आहे. पण हाच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणूनही पाळतात, आणि त्याचं कारण आपल्या महाराष्ट्रातच घडलेलं आहे. 14 एप्रिल 1944. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी. पालमच्या माणसाला कापूस कसा पेटतो हे सांगायला नको. वरून विझल्यासारखा दिसतो अन् आत धुमसत राहतो. दुपारी धूर दिसला, बंब आले, पाणी मारणं सुरू झालं. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्याएक तासात दुसरा. मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण गेले. एकूण किती माणसं गेली याचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात.

ही गोष्ट आम्ही शौर्यासाठी सांगत नाही. आमचं लक्ष जातं ते वेगळ्या ठिकाणी. दोन तास जहाज जळत होतं आणि गोदीत आजूबाजूला माणसं आपापल्या कामात होती. जहाजात काय भरलंय याची त्यातल्या बहुतेकांना कल्पना नव्हती. दारूगोळा असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटासुद्धा जहाजावर नव्हता. म्हणजे आग समोर दिसत होती, पण काय जळतंय आणि आपण किती लांब असायला हवं हे माहीत नव्हतं. आजचं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे.

आता मुंबईहून पालमला येऊ.

गंगाखेड इथून पंचवीस-एक किलोमीटर. लोहा त्याच्या आसपासच, पण जिल्हा बदलतो. परभणी पन्नासच्या पुढं. बंब कुठूनही येवो, मोठी आग असली तर दुसरा, तिसरा बंब बाहेरूनच मागवावा लागतो. पंचवीस किलोमीटरला ताशी पन्नासचा सरासरी वेग धरला तरी अर्धा तास. रस्त्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, गावाच्या तोंडावर अ‍ॅपे रिक्षा, आठवडी बाजाराचा दिवस असला तर विचारूच नका. आणि घरातली आग काय करते? फोमची गादी, नायलॉनचे पडदे, प्लास्टिकच्या खुर्च्या असलेली आजची खोली पाच मिनिटांच्या आत सगळीच्या सगळी पेट घेऊ शकते. म्हणजे गणित आधीच आपल्या विरोधात आहे. त्यात आपण रस्त्यावर दोन-चार मिनिटं आणखी खाल्ली तर बंब येऊन करणार काय? राख भिजवणार.

म्हणून पहिला विषय गाडी चालवणाऱ्यांचा.

कायदा अगदी सरळ आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 194-ई घातलं गेलं. अग्निशमन गाडी किंवा रुग्णवाहिका येत असताना जो चालक आपली गाडी रस्त्याच्या कडेला घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याआधीही 1989 च्या रस्ता नियमांत ‘बाजूला होऊन मोकळी वाट द्या’ हे होतंच, फक्त ते कुणी वाचलेलं नव्हतं. दहा हजार म्हटल्यावर वाचायला लागले.

पण आमचा अनुभव असा की लोक वाट देत नाहीत ते हट्टानं कमी आणि गोंधळून जास्त. मागं भोंगा वाजला की माणूस घाबरतो आणि जिथं आहे तिथंच करकचून ब्रेक दाबतो. तुमच्या मागं जो बंब आहे त्यात साडेचार हजार लिटर पाणी आहे. म्हणजे नुसतं पाणीच साडेचार टन, आणि ते टाकीत हेलकावे खातं. ती गाडी तुमच्या मोटारसायकलसारखी जागच्या जागी थांबत नाही. तेव्हा आधी आरशात बघा, डावा इंडिकेटर द्या, वेग हळूहळू कमी करा, डावीकडं घ्या आणि मग थांबा. वळणावर, अरुंद पुलावर किंवा चढाच्या माथ्यावर असाल तर तिथं थांबू नका, पुढं जरा रुंद जागा मिळेपर्यंत चालत राहा. पुलावर थांबलात तर तुम्ही वाट दिली नाही, वाट बंद केली.

समोरून येणाऱ्या गाड्यांनाही हे लागू आहे, बरं का. आपल्याकडं समज असा की बंब माझ्या मागून येत नाही, समोरून येतोय, मग माझा काय संबंध? बंबाला पुढचा उसाचा ट्रॅक्टर ओलांडायचा असतो, आणि तो ओलांडायला तुमचीच बाजू लागते. तुम्ही कडेला झालात तरच तो निघणार.

आणि एक खास आपला रोग. बंब गेला की त्याच्या मागं शेपटासारखं लागायचं. मोकळा रस्ता मिळाला म्हणून चार मोटारसायकली, एक बोलेरो, सगळे त्याच्या मागं भरधाव. काहींना लवकर पोचायचं असतं, काहींना आग बघायची असते. दोघांनाही सांगणं एकच. त्या बंबाच्या मागं दुसरा बंब असू शकतो, आणि तो येतोय हे तुम्हाला कळणार नाही, कारण पहिल्याचाच भोंगा कानात असतो. पहिला बंब गेला की लगेच रस्त्यावर येऊ नका, मागं एकदा बघा.

जर्मनीत याची एक चांगली रीत आहे. तिथल्या मोठ्या महामार्गांवर वाहतूक नुसती रेंगाळायला लागली की, भोंगा ऐकू येण्याची वाट न बघता, गाड्या दोन्ही बाजूंना सरकतात आणि मधे एक गल्ली मोकळी ठेवतात. तसं केलं नाही तर किमान 200 युरोचा दंड आहे. आपल्या समृद्धी महामार्गावर हे शिकवायला हवं असं आम्हाला फार वाटतं. गंगाखेड रस्त्यावर तेवढी रुंदीच नाही, तिथं आपली डावी कडा हीच वाट.

घटनास्थळ आलं की गाडीवाल्याचं दुसरं काम सुरू होतं. गाडी कुठं लावायची? इथं आम्ही आमचीच चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावात कार्यक्रमाला गेलो होतो. गावाकडेला कडब्याची गंजी पेटली. लोक पळाले, आम्हीही जीप घेऊन गेलो, आणि वस्तीकडं जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी जीप लावून बघायला उतरलो. मदत करायच्या भावनेनंच, खोटं नाही सांगत. बंब आला तेव्हा ती जीप आडवी. चावी ड्रायव्हरकडं, ड्रायव्हर गर्दीत. तो सापडेपर्यंत दुसरी गंजी पेटली होती. जनावरं वेळेवर सोडली होती म्हणून वाचली, पण वर्षाची वैरण गेली. त्या घरातल्या आजींनी आम्हाला पाणी दिलं, वर ‘बसा’ म्हणाल्या. जीप कुणाची हे त्यांना माहीत नव्हतं. आम्हीही त्या दिवशी सांगितलं नाही.

तेव्हापासून आम्ही सांगतो: आगीच्या ठिकाणी गाडी नेऊच नका. न्यायचीच असली तर लांब लावा, तोंड बाहेर जायच्या दिशेला, आणि बोळाच्या, विहिरीच्या, डीपीच्या तोंडाशी कधीच नाही.

पाइपावरून गाडी घालू नका, हे वेगळं सांगायची वेळ यावी याचं वाईट वाटतं, पण येते. रस्त्यावर आडवा पडलेला तो कापडी पाइप म्हणजे नळी नाही, त्या टोकाला उभ्या माणसाचा जीव आहे. चाक गेलं की पाणी थांबतं, चाक उतरलं की एकदम जोरानं झटका बसतो, पाइप फाटतो नाहीतर हातातून निसटतो. आणि तो माणूस त्या वेळी ज्वाळेसमोर असतो.

आता आपल्या भागातली नेहमीची आग. कडब्यानं भरलेला टेम्पो किंवा ट्रॉली, वरून लोंबकळणारी विजेची तार, आणि ठिणगी. उन्हाळ्यात अशी बातमी आली नाही असं वर्ष जात नाही. अशा वेळी चालक काय करतो? पळवतो. तळं गाठू, नदी गाठू म्हणून पेटलेली गाडी गावातून नेतो. वाऱ्यानं आग भडकते आणि जळता कडबा रस्ताभर दुसऱ्याच्या गंज्यांवर, छपरांवर पडतो. तेव्हा वस्तीपासून बाजूला, मोकळ्या जागी लगेच थांबा. ट्रॅक्टर असेल आणि ज्वाळा मागं असतील तर पिन काढून ट्रॅक्टर सोडवा. गाडीला तार चिकटलेली असेल तर गोष्ट निराळी. आग तुमच्यापर्यंत येत नसेल तोवर केबिनमध्येच बसा, कुणालाही गाडीला हात लावू देऊ नका, आणि महावितरणला 1912 वर किंवा गावच्या लाइनमनला फोन करून लाइन बंद करायला सांगा. आग केबिनकडं आलीच तर उतरायचं नाही, उडी मारायची. दोन्ही पाय जोडून, आणि गाडी व जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होऊ न देता. मग पाय जोडलेलेच ठेवून छोट्या उड्या मारत लांब जायचं. लांब ढांगा टाकल्या तर दोन पायांमधल्या जमिनीतूनच शॉक बसू शकतो. बघणाऱ्यांनी लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाण्याची बादली उचलायची नाही. हे फार अवघड जातं, आम्हाला माहीत आहे. समोर माणसाचं वर्षाचं धन जळतंय आणि कुणी म्हणतंय पाणी टाकू नका. पण धन जळतंय तिथं आणखी माणूस नको.

धुऱ्यांचंही याच मोसमात. कुणी धुरा पेटवतो, कुणी उसाचं पाचट, वारा फिरतो आणि रस्त्यावर धुराची भिंत उभी राहते. त्यात गाडी घालू नका. आत काय थांबलंय ते दिसत नाही. अलीकडंच, रस्त्यावरून खाली उतरून थांबा.

टँकरबद्दल थोडं सविस्तर बोलू, कारण इथं चुकीला माफी नाही.

25 जून 2017 रोजी पाकिस्तानातल्या अहमदपूर शर्किया इथं तेलाचा टँकर उलटला. (आपल्या लातूरचं अहमदपूर नव्हे, नाव सारखं आहे एवढंच.) आजूबाजूच्या गावांतून लोक डबे, बादल्या, बाटल्या घेऊन धावले. टँकर पेटला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. आपण म्हणतो, तिकडचे लोक. पण आपल्याकडं टँकर उलटला तर कॅन घेऊन पळणारे कमी असतात का? उत्तर प्रत्येकानं मनातच द्यावं.

पेट्रोलची वाफ दिसत नाही, हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत आणि नालीतून सरकत जाते. घरगुती गॅसचंही तसंच. टाकीतला द्रवरूप गॅस बाहेर आला की सुमारे अडीचशे पट जागा व्यापतो. 20 डिसेंबर 2024 ला पहाटे जयपूरजवळ भांकरोटा इथं गॅसचा टँकर वळण घेत असताना त्याला ट्रक धडकला. गॅस रस्ताभर पसरला आणि मग पेटला. टँकरशी काही संबंध नसलेल्या, नुसत्या रस्त्यावर असलेल्या कितीतरी गाड्या जळाल्या. वीसच्या आसपास माणसं गेली. आणि 13 जून 2023 ला आपल्याच मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ टँकर पेटला तेव्हा जळतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं, आणि मृतांमध्ये खालून जाणारी माणसं होती. वर काय चाललंय हे त्यांना माहीतसुद्धा नव्हतं.

मग नियम काय? टँकर उलटलेला दिसला, गॅसचा वास आला किंवा रस्त्यावर पांढरं धुकं दिसलं, तर पुढं जायचं नाही. तुम्ही त्या धुक्याच्या बाहेर असाल तर गाडी वळवून वाऱ्याच्या उलट दिशेला निघून जा. वासाच्या आत सापडला असाल तर इंजिन बंद करा, पुन्हा सुरू करू नका आणि चालत निघा. विडी-सिगारेट नाही, मोबाइलवर फोन लांब जाऊन करायचा. उताराला, नालीच्या बाजूला थांबायचं नाही. टँकरच्या अंगावर एक फलक असतो, त्यावर चार आकडी नंबर असतो: 1075 असेल तर गॅस, 1203 म्हणजे पेट्रोल, 1202 म्हणजे डिझेल. लांबून वाचता आला तरच वाचा आणि फोनवर सांगा. गॅसच्या टँकरला आगच लागली असेल तर जगभर वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकेत अंतर दिलंय ते 1600 मीटर, चहूबाजूंनी. दीड किलोमीटरच्या वर. व्हिडिओ काढायला माणूस किती जवळ उभा राहतो, ते बघा एकदा.

इथं कुणीतरी म्हणेल, म्हणजे काय, लांबच उभं राहायचं? कुणी जळत असलं तरी? नाही. इथं उलटी बाजू सांगायलाच हवी.

1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटली आणि पेटली. ती दाराच्याच बाजूवर पडली, दार खाली दबलं. 25 जण आत गेले. जे थोडे वाचले ते काच फोडून बाहेर आले. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या मदतीला थांबल्या नाहीत, अशी तक्रार तेव्हा बातम्यांत आली होती. रात्रीची वेळ, भीती, ‘पोलिसांचं झंझट’ हे सगळं आम्हाला समजतं. पण निदान शेवटची भीती तरी आता मनातून काढा. सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये मदत करणाऱ्यांसाठीचे निर्देश मान्य केले आणि 2019 च्या दुरुस्तीनं कायद्यात कलम 134-अ आलं. अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूनं, स्वेच्छेनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि स्वतःचं नाव-गाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

म्हणून थांबा, पण शहाणपणानं. आपली गाडी जळत्या गाडीच्या बरीच अलीकडं, डावीकडं, लुकलुकणारे दिवे लावून. एकानं मागच्या वाहतुकीला इशारा द्यायचा. बस कुशीवर पडली असेल तर मागची काच, समोरची काच, छतावरची आपत्कालीन खिडकी बघायची. काच मधोमध नाही, कोपऱ्यात मारायची. जॅकचा दांडा, स्पॅनर, दगड, जे हाती येईल त्यानं. समोरची काच दोन थरांची असते, ती सहज फुटत नाही, म्हणून मागची किंवा बाजूची आधी. ज्वाळा तुमच्या बाजूला आल्या की मागं यायचं. आणि कारच्या बॉनेटमधून धूर येत असेल तर बॉनेट सताड उघडायचं नाही, हवा मिळाली की भडका होतो.

गर्दीबद्दल कायद्याचं एवढंच सांगतो की सरकारी कर्मचाऱ्याच्या कामात मुद्दाम अडथळा आणला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 221 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण गर्दी कायद्यानं हटत नाही, कामानं हटते. हातात काम दिलं की बघ्याचा मदतनीस होतो.

आणि काम आहे. साडेचार हजार लिटर पाणी एका पाइपानं मारलं तरी दहाएक मिनिटांत संपतं. मग बंब पाण्यासाठी कुठं जाणार? अनोळखी गावात रात्री विहीर शोधत? तेव्हा बंब यायच्या आधी गावानं जवळची पाणी असलेली विहीर, शेततळं, मोटर चालू आहे का, वीज आहे का, हे बघून ठेवायचं. पाण्याचे ट्रॅक्टर-टँकर बोलवून रांगेत, रस्ता न अडवता उभे करायचे. आगीच्या वाऱ्याकडच्या गंज्या मोकळ्या करायच्या नाहीतर भिजवायच्या. उभ्या पिकाची आग असेल तर पुढं लांब जाऊन ट्रॅक्टरनं नांगर फिरवून पट्टा मोकळा करायचा. दोन पोरं फाट्यावर बॅटरी घेऊन उभी करायची, बंबाला वाट दाखवायला. आणि बंबाचा प्रमुख उतरला की त्याला एकाच माणसानं सांगायचं: आत कुणी आहे का, सिलिंडर किती आणि कुठं, वीज बंद केली का. चाळीस जण एकदम सांगायला लागले तर त्याला काहीच ऐकू येत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

एका काकांनी विचारलं, “फोन कुणाला लावायचा? एकशे एक लावला तर दुसऱ्याच गावाला लागतो म्हणतात.”

काका, 101 लावा, नाही लागला तर 112. जखमी असतील तर 108, गॅस गळतीसाठी 1906. फोनवर आधी ठिकाण सांगा, मग बाकीचं, कारण फोन मधेच तुटला तरी ठिकाण तरी पोचलेलं असतं. तालुका, गाव, फाटा, जवळची खूण. ‘पाटलाच्या मळ्याजवळ’ हे गंगाखेडच्या माणसाला कळत नाही. पलीकडच्यानं ‘ठेवा’ म्हटल्याशिवाय ठेवू नका.

मागच्या बाजूनं एका ताईंचा प्रश्न आला: “जयंतीच्या, गणपतीच्या मिरवणुकीत रस्ता पूर्ण भरलेला असतो. डीजे असतो. भोंगा ऐकूच येत नाही. तेव्हा काय?”

ताई, हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न. मिरवणूक निघायच्या आधीच मंडळानं ठरवायचं की रस्त्याची एक बाजू ट्रॅक्टर किंवा स्टेजनं कुठंच पूर्ण अडवायची नाही. वाटेतले कोणते बोळ मोकळे ठेवायचे तेही आधीच. चार कार्यकर्ते शेवटच्या टोकाला, गर्दीकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून उभे करायचे. त्यांना निळा-लाल दिवा दिसला की डीजेवाल्याला फोन नाही, हाताची खूण. डीजे बंद झाला की लोक आपोआप मागं वळून बघतात. आणि डीजेवाल्याला ही खूण आदल्या दिवशीच दाखवून ठेवायची.